नवी चेन

चेनला लावायच्या तेलाचा वास आला की आमच्या गावची, कुडपणची ती संध्याकाळ आठवते. आई अंथरुणाला खिळली होती आणि मी दर शनिवारी मुंबईहून मोटारसायकलने घरी यायचो. माझ्या जुन्या चेनची खडखड शेवटच्या वळणावरूनच घरात ऐकू जायची आणि आई वडिलांना सांगायची, "अवो, पोरगा आला, चाय ठेवा." मला मात्र त्या खडखडीचा वैताग आला होता, म्हणून त्या शनिवारी महाडला थांबून चांगल्यातली नवी चेन आणि तिची दोन्ही दातेरी चाकं बसवून घेतली. पोलादपूर सोडून वर चढताना गाडी इतकी मऊ चालली की मला ओढ्याचं पाणीही ऐकू येत होतं. घरी पोचलो तर आईचं तोंड भिंतीकडे होतं. मी हात धरला, तो अजून गरम होता. "दुपारपासून कान देऊन व्हती," वडील म्हणाले. "वळनावर गाडी वाजली तवा बोललो, बघ, पोरगा आला. तर बोलली, ही त्याची नाय. आन् भिंतीकडं वळली ती वळलीच." चेन बसवताना मेकॅनिक म्हणाला होता, ही वर्षानुवर्षं आवाज करणार नाही. अजून करत नाही.