अंदमानची तारीख

डॉक्टरांनी बायकोला बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हा ती खुर्चीवरून हलली नाही. "मी इथंच बसते. माझंच हाय ना ते," म्हणाली. मग त्यांना जे मला एकट्याला सांगायचं होतं ते दोघांना सांगावं लागलं. फुफ्फुसं हळूहळू कडक होत चालली आहेत. औषधानं वेग कमी होईल, पण झालेलं मागं फिरणार नाही. कारण विचारलं तर म्हणाले, पुष्कळदा सापडत नाही. शेवटी चष्मा काढून त्यांनी विचारलं, कुठं जायचं-यायचं राहिलंय का. असेल तर हा हिवाळा घालवू नका, आत्ता विमानात बसता येईल, जानेवारीनंतरचं मी काही सांगू शकत नाही.

आम्ही रिक्षानं घरी निघालो. गारखेड्याच्या वळणावर रिक्षा हळू झाली, तेव्हा कोथिंबीर घेऊन जाऊ म्हणावं तशा सुरात म्हणाली, "समुद्र बघून घेऊ."

तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. तिचे वडील मेंढरं राखायचे. लहानपणी वर्षातले चार महिने ती त्यांच्यामागं रानोमाळ हिंडलेली. तीन तालुक्यांतल्या विहिरी आणि बारवा तिला तोंडपाठ, पण समुद्र नाही. लग्नानंतर दोनदा कोकणात जायचं ठरलं होतं. एकदा मुलीची दहावी आडवी आली, एकदा माझी रजा नामंजूर झाली. दोन्ही वेळेला मी म्हणालो होतो, समुद्र काय पळून जातोय का.

मी वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं प्लॅनिंगमध्ये काढली. कुठला पार्ट कुठल्या दिवशी कुठल्या मशीनवर चढायचा, हे ठरवायचं काम. त्याची एक रीत असते. माल कधी निघणार ती तारीख आधी पक्की करायची आणि तिथून एकेक दिवस मागं यायचं. रिटायर झाल्यावर ही विद्या वाया चालली होती. भाजी आणायचीसुद्धा मी यादी करायचो आणि बायको ती पिशवीत विसरायची, मुद्दाम. आता मात्र मला काम मिळालं. मी नवी वही आणली.

ती फक्त समुद्र म्हणाली होती. अंदमान मी काढलं. एकदाच जायचं तर मोठं जायचं, असं माझ्या डोक्यात बसलं. गणपतीपुळ्याला कोणीही जातं. मला तिला असं काहीतरी दाखवायचं होतं की पुढं काय वाट्याला येणार आहे ते ती विसरेल. खरं सांगायचं तर मलाच ते विसरायचं होतं. पोर्ट ब्लेअरला दोन रात्री, हॅवलॉक बेटावर तीन, नील बेटावर दोन, परत पोर्ट ब्लेअर. या सगळ्यांची नावं आता बदललीत, पण एजंटच्या तोंडात जुनीच बसलेली. आमच्या गावाचंही तेच झालेलं असल्यामुळं मला काही अडचण आली नाही.

दोन महिने मी त्या वहीत राहिलो. बोटीत मागच्या बाजूला कमी डोलतं म्हणून जागा मागची. खोली तळमजल्याची. धक्क्यावर व्हीलचेअर मिळते का, ऑक्सिजनचा सिलिंडर कुठल्या बेटावर भरून मिळतो, मोठं हॉस्पिटल किती तासांवर. नील बेटावरच्या हॉटेलवाल्याला मी फोन करून विचारलं, खोलीपासून वाळूपर्यंत किती पावलं. तो म्हणाला, बीस-पच्चीस. मी म्हटलं, बीस की पच्चीस? त्या बिचाऱ्यानं खरंच चालून मोजली आणि उलटा फोन करून सांगितलं, चौतीस. तेवढी पावलं तिनं मध्ये एकदा थांबून टाकली असती. आम्ही अंगणात चालून बघितलं होतं.

ती माझी मजा बघायची. "इतकं तर पोरीच्या लग्नात केलं नाय तुम्ही," म्हणायची. मुलीनं पुण्याहून तिच्यासाठी ढगळ थ्री-फोर्थ पॅन्ट आणि टोपी पाठवली. एके दुपारी खोलीचं दार लावून तिनं ते घातलं आणि मला हाक मारली. पिंढऱ्या उघड्या टाकून, टोपी घालून ती कपाटाच्या आरशासमोर उभी होती. आम्ही इतके हसलो की तिला ढास लागली आणि पाठ चोळत बसावं लागलं. मग दम खाऊन तिनं विचारलं, यातलं एखादं बेट कमी केलं तर चालणार नाही का, लवकर जाऊन लवकर येऊ. मी वही उघडून तिला समजावलं की बोटींचं वेळापत्रक असंच बसतं आणि नीलला गर्दी नसते. ती बरं म्हणाली. डॉक्टरांचा विमानप्रवासाला हरकत नसल्याचा दाखला आला, तिकिटं आली. निघायचं जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी.

आता पाण्याचं सांगायला पाहिजे. बाहेरगावच्या माणसाला हे पटत नाही, म्हणून नीट सांगतो. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठव्या दिवशी येतं. तासभर, कधी पाऊण तास. तेवढ्यात हौद भरायचा, मोटर लावून वरच्या टाक्या भरायच्या, उरलं तर बादल्या आणि पातेली. पुढचे आठ दिवस त्यावर. पाण्याच्या दिवशी घर सोडायचं नाही, हा इथला नियम आहे आणि तो कोणी कोणाला शिकवत नाही. मुलगी बघायला या, पण आमचं पाणी सोडून या, असं लोक पाहुण्यांना सांगतात आणि पाहुण्यांनाही त्यात वावगं वाटत नाही. आमच्या वर दोन भाडेकरू, त्यांतल्या एकीला तान्हं मूल. हौद एकच. तीस वर्षांत बायकोनं दोनदाच पाणी चुकवलं, मुलीच्या बाळंतपणात आणि तिचे वडील गेले तेव्हा. दुसऱ्या वेळी मी मोटर कोरडी फिरवून जाळली होती. तेव्हापासून मोटरचं बटण तिच्याच हातात.

त्यामुळं मी तारीख काढताना त्या आठवड्यातला पाण्याचा दिवस आधी लिहिला होता. गुरुवारी पाणी, शुक्रवारी बांधाबांध, शनिवारी विमान. प्रवासातलं एक पाणी चुकणार होतं, पण हौद भरलेला असला की आम्ही दोघं नसताना वरच्यांना तो पंधरा दिवस पुरतो. मंगळवारी गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला की मोठी पाइपलाइन फुटली आहे, पाणी दोन-तीन दिवस पुढं जाईल. म्हणजे शनिवार किंवा रविवार.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं हौदाचं झाकण काढून आत बघत होतो. तळाला वीतभर होतं. तारीख एकदा बदलून मिळेल, असं एजंट म्हणाला होता. मी म्हणालो, पुढं ढकलू, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. ती लगेच व्हय म्हणाली. "पाणी भरून निघालेलं बरं. तिथं जाऊन ध्यान इकडंच राहायचं, त्यापरीस." आमच्यात वाद झाला नाही. पाण्यासाठी तिनं हट्ट धरला असता तर आज मी निदान अर्धा भार तिच्यावर टाकू शकलो असतो. पण सुचवलं मी. शब्द माझे होते.

मुलीला फोन केला. तारीख पुढं ढकलतोय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "पाण्यासाठी?" टँकर मागवा म्हणाली. टँकरच्या पाण्यानं वरच्या तान्ह्याचं पोट बिघडतं, असं मी सांगितलं. वरच्यांना किल्ली द्या म्हणाली. त्यांना मोटर कळत नाही, असं मी सांगितलं. तुला आता चोवीस तास नळ झालाय, तू इथलं विसरलीस, असंही ऐकवलं.

"बाबा, पाणी पुढच्या आठवड्यातही येणार आहे," ती म्हणाली.

पुढचं ती बोलली नाही. मला ते ऐकू आलं होतं, म्हणूनच मी फोन ठेवला. एजंटला सांगून तारीख बदलून घेतली आणि वहीत नवं पान आखलं. बेटं तीच, बोटी त्याच, फक्त आठ दिवस पुढं. मला वाटलं, जमलं.

पाणी रविवारी सकाळी सहाला आलं. थंडी मरणाची होती. मी तिला उठू नको म्हणून बजावलं होतं, पण मी पाइप टाकीत नीट अडकवला नाही आणि तो सुटून अंगणभर पाणी झालं. ते ऐकून ती स्वेटर घालून, कानाला पदर गुंडाळून बाहेर आली. मला बाजूला केलं, पाइप धरला आणि पाऊण तास तिथं उभी राहिली. पावलं ओली झाली. मी आत जा, आत जा म्हणत राहिलो, पण तिच्या हातातून पाइप घेतला नाही, कारण ती भरत होती तोवर पाणी वाया जात नव्हतं. सगळं भरल्यावर तिनं हौदावर झाकण ओढलं आणि म्हणाली, आता बिनघोर.

बुधवारी तिचा खोकला बदलला. गुरुवारी ताप आला. शुक्रवारी तिला ॲडमिट केलं. ज्या दिवशी आम्ही पोर्ट ब्लेअरला उतरणार होतो, त्या दिवशी तिच्या तोंडावर मास्क होता आणि मी व्हरांड्यात बसून एजंटला फोनवर कळवत होतो की येणं होत नाही. नंतर मी डॉक्टरांना विचारलं, त्या सकाळच्या थंडीनं झालं का. ते म्हणाले, तसं काही सांगता येत नाही. हे वाक्य मी अजून घेऊन बसलो आहे. त्यातून सुटकाही होत नाही आणि शिक्षाही. मात्र एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली. आधीचा दाखला आता धरायचा नाही. विमान नाही.

ती घरी आली ती ऑक्सिजनच्या मशीनसह. मशीन पलंगाशेजारी दिवसभर घुरघुरतं आणि नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पुरते. वीज गेली तर सिलिंडर. उंबऱ्याशी खुर्ची टाकून ती मला भाजीत मीठ किती टाकायचं ते सांगते.

मी वही सोडली नाही. विमान नाही तर गाडी. मी कोकणाचा रस्ता काढला. दर शंभर किलोमीटरला सिलिंडर कुठं भरेल, घाट कोणता सोपा, मुक्कामाला इन्व्हर्टर असलेली हॉटेलं. बेटं सगळी खोडली. एकच किनारा, एकच रात्र. पुढच्या तपासणीला ती वही घेऊन गेलो. डॉक्टरांनी सगळी पानं उलटून वाचली, घाई केली नाही. मग वही बंद करून माझ्याकडं सरकवली. म्हणाले, "तुम्ही फार बारकाईनं केलंय. पण नाही."

मी त्यांच्यावर ओरडलो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की बायकोनं माझी बाही धरली होती आणि त्यांना म्हणत होती, ह्यांचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नका.

एप्रिलमध्ये मला एक कल्पना सुचली. लहान सिलिंडर दोन तास चालतो. हर्सूलच्या तलावापर्यंत जाऊन यायला तेवढे पुरतात. वरच्या भाडेकरूची गाडी होती, तो चालवायला तयार झाला. तिला मी सांगितलं, चल, फिरून येऊ. ती इस्त्रीची साडी नेसली. उन्हं उतरताना निघालो, सगळं शहर ओलांडून तुरुंगाच्या पुढं तलावाशी पोहोचलो. भाडेकरू समजून गाडीतच थांबला. मी सिलिंडर खांद्याला लावला आणि तिला हाताला धरून दगडी कठड्यावर बसवलं. पाणी बरंच आटलं होतं, कडेला चिखल भेगाळला होता. मध्ये जे होतं त्यावर वारा सुटला होता.

"बघ, लाटा," मी म्हणालो.

हे मी बोललो, याची मला आजही लाज वाटते. ती माझ्याकडं बघून हसली, मला बरं वाटावं म्हणून. मग पाण्याकडं बघत राहिली. बराच वेळ. नळीतून बारीक आवाज येत होता. मला वाटलं, कदाचित चाललं. कदाचित एवढ्यानंही भागतं माणसाचं.

"पलीकडचा काठ दिसतोय की," ती म्हणाली.

तक्रार नव्हती तिची. बघत होती ते सांगत होती. पलीकडं झाडं होती, त्यांच्यामागं घरं, एका गच्चीवर वाळत टाकलेले कपडे. मी म्हटलं, हो, दिसतोय. सिलिंडरचा काटा अर्ध्याच्या खाली आला होता, म्हणून मी तिला उठवलं आणि आम्ही गाडीकडं निघालो. मध्ये ती दोनदा थांबली.