ओट्यावरचा पेग्मटाइट

मी तिच्यावर जळते. आडपडदा कशाला ठेवू? एमएस्सीला आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. विषय भूविज्ञान, आणि वर्गात मुली आम्ही दोघीच. ती बदलापूरची, मी अंबरनाथची. पास झाल्यावर मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले, लग्न करून अंबरनाथ वेस्टलाच राहिले. ती परदेशात गेली आणि पेग्मटाइट कसा तयार होतो, यावर संशोधन करत बसली. दर हिवाळ्यात आईवडिलांकडे येते. तिचा फोन आला की माझ्या पोटात दुखायला लागतं.

पेग्मटाइट म्हणजे ग्रॅनाइटचाच भाऊबंद, फक्त दाणे अवाढव्य. ग्रॅनाइटमध्ये अभ्रक तिळाएवढं दिसतं, तर याच्यात ताटाएवढंही सापडतं. आमच्याकडे असलं काही नाही. आमचे डोंगर, आमचं देऊळ, रस्त्यावरची खडी, सगळा एकजात काळा कातळ. पेग्मटाइट बघायचा तर तळकोकणात जावं लागतं, नाहीतर माझ्या स्वयंपाकघरात.

हो, स्वयंपाकघरात. ओटा बदलायचा होता तेव्हा उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनच्या पुढे एका सिंधी व्यापाऱ्याकडे गेलो. नवरा काळी लादी बघत होता आणि मला भिंतीला टेकवलेली एक गुलाबी लादी दिसली, तळहाताएवढे स्फटिक असलेली. ‘‘साईं, ये ग्रॅनाइट नहीं है,’’ मी म्हटलं. ‘‘मॅडम, ग्रॅनाइटही है, इम्पोर्टेड,’’ तो म्हणाला. मी वाद घातला नाही. नवरा म्हणाला, यावर सांडलेलं दिसणार नाही, मुंग्या होतील. सासूबाईही तेच म्हणाल्या. मुंग्या झाल्याच. पण ओटा मी तोच बसवला. तिला परदेशात प्रयोगशाळा मिळाली, मला निदान ओटा तरी मिळू दे!

तर मूळ दुखणं सांगते. एमएस्सीला आमची सहल तळकोकणात गेली होती. एका ओढ्याच्या काठाला पेग्मटाइटची शीर होती, जेमतेम हातभर रुंद, आणि तिच्यात वीतभर लांब स्फटिक. तिने सरांना विचारलं, ‘‘सर, मोठे दाणे सावकाश थंड झाल्यावर बनतात ना? मग ही एवढीशी शीर तर पटकन थंड झाली असणार. हिच्यात एवढे मोठे कसे?’’ सरांनी हातोडा खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘शाब्बास, प्रश्न असा हवा.’’ संध्याकाळी सगळ्यांसमोर पुन्हा तिचं कौतुक. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! त्या एका प्रश्नावर बाई विमानात बसली. मी शेअर रिक्षात.

पुढे मी वर्गात तेच शिकवलं जे पुस्तकात होतं. खडीसाखरेचं उदाहरण द्यायचं, पाक सावकाश निवू दिला की खडे मोठे, आणि पोरांकडून घोकून घ्यायचं. खरं सांगू, ते वाक्य मला आवडायचं. सावकाश, एका जागी राहून, मोठं होता येतं. माझ्यासारखीला आणखी काय हवं?

या हिवाळ्यात आमच्या प्राचार्यांना कळलं की ती आली आहे. झालं! व्याख्यान ठेवलं. शाल-श्रीफळ द्यायचं काम माझ्याकडे, ओळख करून द्यायचंही माझ्याकडे. माझी मुलगी आमच्याच कॉलेजात फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, तीही येऊन बसली. ही तीच मुलगी, जी लहानपणापासून माझ्या दगडांच्या खोक्याला ठेचकाळत म्हणायची, ‘‘मम्मी, हे फेक ना यार.’’

आणि बदलापूरवाली बोलायला लागली. काय बोलली हो! मत्सर बाजूला ठेवून सांगते. ठेवला जात नाही, तरी सांगते. म्हणाली, हा दगड म्हणजे दोनशे वर्षांचं भांडण आहे. नाव एका फ्रेंच माणसाने ठेवलं, घट्ट जोडलेलं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मग एक पक्ष म्हणाला, आजूबाजूच्या खडकातून पाणी झिरपलं आणि भेगेत स्फटिक साचले. दुसरा म्हणाला, छे, हा वितळलेल्या खडकातूनच आला. मग ठरलं की हा उरलेला रस. ग्रॅनाइट गोठत गेला आणि शेवटी जे राहिलं, त्यात पाणी आणि सगळी दुर्मीळ द्रव्यं एकवटली, पातेल्याच्या तळाच्या रश्शात मीठ-मसाला उतरतो तशी. मग कोणी म्हणालं, मागाहून गरम पाणी आलं आणि त्याने जुनी खनिजं खाऊन नवी घडवली. मग लोकांनी भांडायचं सोडून भट्टीत हा रस स्वतः बनवून पाहिला. आधी वाटलं, रसातून पाण्याची वाफ वेगळी होते आणि तिच्यात स्फटिक फोफावतात. पुढे दिसलं की वाफेची गरजच नाही. रस इतका झटकन निवतो की गोठायचं विसरतो. स्फटिकाचं बी थोडंच धरतं, पण धरलं की भराभर वाढतं, कारण रसात बोरॉन, फ्लोरिन, फॉस्फरससारखी द्रव्यं असतात. ‘‘काही स्फटिक दिवसांत वाढले असतील, असंही आता काही जण म्हणतात,’’ ती म्हणाली. ‘‘आणि हा रस ग्रॅनाइटमधूनच उरलेला असतो का, यावरही भांडण चालूच आहे.’’

दिवसांत! मी पहिल्या रांगेत शाल मांडीवर घेऊन बसले होते. हे सगळं मी वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं, आणि बाजूला ठेवलं होतं. पण तिच्या तोंडून ऐकताना वाटलं, माझं एक वाक्य होतं, मेलीने तेही नेलं.

त्याहून वाईट म्हणजे मागे वळून पाहिलं तर माझी मुलगी पुढे वाकून ऐकत होती. डोळे असे की तशा डोळ्यांनी तिने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. घरी येताना रिक्षात म्हणाली, ‘‘मम्मी, मला जिऑलॉजीत एमएस्सी करायचंय. मावशीसारखं.’’ वीस वर्षं घरात दगड, दगडाचा ओटा, दगडाची बाई, आणि करायचं काय, तर मावशीसारखं! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काय खोटं आहे? मी म्हटलं, ‘‘कर ना, कोण अडवतंय,’’ आणि तोंड फिरवून बाहेर बघत राहिले. मुलगी तिची झाली, हे मला तिथेच कळलं.

आणि तरी रविवारी तिला जेवायला बोलावलं. रीत आहे, मोडता येत नाही. आल्या आल्या ती सरळ ओट्याकडे गेली, चण्याच्या भाजीची कढई बाजूला सरकवली आणि लादीवर हात फिरवायला लागली. ‘‘अगं, हा पेग्मटाइट! याच्यावर पोळ्या लाटतेस तू? तुलाच सुचणार असलं.’’

मुलगी लगेच चिकटली. ‘‘मावशी, तुला हा विषय सुचला कसा?’’

‘‘मला कुठे?’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या आईला सुचला.’’

‘‘चल, काहीतरीच,’’ मी म्हटलं. ‘‘ओढ्यात सरांना तू विचारलंस. मला लख्ख आठवतंय. शाब्बास म्हणाले तुला.’’

‘‘ते दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी हेच तू विचारलंस. चपलेचा अंगठा तुटला होता तुझा, खडकावर बसून पिन लावत होतीस आणि लावता लावता विचारलंस. सर घाईत होते. म्हणाले, बाई, परीक्षेत हे येत नाही, चला पुढे. सगळी पोरं हसली. सगळ्यात मोठ्याने तूच हसलीस.’’ ती परत लादीवर हात फिरवायला लागली. ‘‘मला रात्रभर झोप नाही. मला का नाही सुचलं म्हणून नुसती जळत होते. वाटलं, सकाळी तू पुन्हा विचारशील. मी वाट बघितली गं. तू नाही विचारलंस, मग मी विचारलं.’’

मला चप्पल आठवली. पिन आठवली. ते हसणंसुद्धा आठवलं. प्रश्न मात्र इतकी वर्षं मी तिच्याच तोंडात घालून ठेवला होता, आणि त्याच्यावरच जळत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मुलगी माझ्याकडे बघत होती. परवा हॉलमध्ये मी मागे वळून पाहिले होते ना, अगदी तेच डोळे. या वेळी माझ्यावर.

‘‘मम्मी,’’ ती म्हणाली, ‘‘मग तू परत का नाही विचारलंस?’’

मी तव्यावरची पोळी उलटली. ती करपली होती. ‘‘ताटं घ्या,’’ मी म्हटलं. दोघींनी ताटं घेतली. मी पुढची पोळी लाटायला घेतली, त्या गुलाबी दगडावर, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बदलापूरवालीचा हेवा वाटला नाही. हेवा वाटला तो खडकावर बसून पिन लावणाऱ्या त्या मुलीचा. ती अजून हसली नव्हती.