माहेरी बसलेली गाडी

मामा कुणासाठीही गाडीचं दार उघडायचे, तेव्हा त्यांचा एक हात दारावर असायचा आणि दुसरा दाराच्या वरच्या कडेखाली. बसणाऱ्याचं डोकं आपटलंच तर पत्र्यावर नको, आपल्या हातावर आपटावं म्हणून. ही खोड त्यांच्या इतकी अंगात मुरली होती की शिरूरच्या स्टँडवर रिक्षात बसतानाही मामींच्या डोक्यावर तो हात जायचाच. रिक्षावाला हसायचा. मामा म्हणायचे, "हसू दे. सवय हाय."

मामा आमच्या रांजणगावच्या कंपनीच्या मालकांचे ड्रायव्हर. मी त्याच कंपनीत अकाउंट्सला. राहायला दोघंही शिरूरला, एकाच गल्लीत. ते वयानं मोठे म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो, आणि मी खुर्चीत बसून कागद खालीवर करतो म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणायचे.

मालकांकडे एक काळी, लांबलचक जर्मन गाडी होती. नवी कोरी आल्यापासून ती मामांच्याच हातात. काही बिघडलं की मामा ती पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन सोडायचे, तिथल्या काचेच्या खोलीत कॉफी प्यायचे आणि दुरुस्त झालेली गाडी घेऊन यायचे. बिल मात्र माझ्या टेबलावर यायचं. पहिलं बिल पाहिलं तेव्हा मला वाटलं, चुकून एक शून्य जास्त पडलंय. फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "बरोबर आहे सर. या वेळी विशेष काही काम नव्हतं."

म्हणजे बघा, गाडी एकच, पण मामा तिला स्टेअरिंगकडून ओळखत होते आणि मी बिलाकडून. आम्ही दोघं बोलायला लागलो की दोन वेगळ्याच गाड्यांबद्दल बोलतोय असं ऐकणाऱ्याला वाटायचं.

मामा रिटायर झाले त्याच सुमारास मालकांनी नवी गाडी घेतली आणि जुनी विकायला काढली. मामांनी ती मागितली. मालक भला माणूस, जवळजवळ भंगाराच्या भावात द्यायला तयार झाले. मामा मला सांगायला आले तेव्हा मी सरळ हात जोडले. "मामा, घेणं स्वस्त आहे, पोसणं नाही. फंडाचे पैसे आहेत. हा पांढरा हत्ती दारात बांधू नका."

"भाऊसाहेब, तुम्ही ती कागदाव बघितली. म्या हातानं चालवलीया. कवा दगा दिला न्हाई तिनं."

मग त्यांनी खरं कारण सांगितलं. मामींचं माहेर खुटबाव, दौंड तालुक्यातलं. शिरूरहून काही फार लांब नाही. पण लग्नापासून मामी एकट्याच जात आल्या होत्या. एसटीनं, चौफुल्याला गाडी बदलून, पिशव्या सांभाळत. मामांना सणावाराला सुट्टी कुठली? सणाला मालकांनाही कुठंतरी जायचं असायचंच.

"मालकाला सगळा मुलूख दावला. हिला येकदा ह्याच गाडीत मागं बसवून जत्रंला खुटबावला न्यायचंय. मंग काय व्हायचं ते होऊ दे."

मी जोडलेले हात खाली घेतले.

गाडी गल्लीत आली. नारळ फुटला, पेढे वाटले, बंपरला लिंबू-मिरची लटकली. आणि दुसऱ्या दिवसापासून मामांची पंचाईत झाली. मालक झाल्यावर गाडीचं करायचं काय, हेच त्यांना उमजेना. सकाळी ते गाडी पुसायचे, तिचं तोंड रस्त्याकडं करून लावायचे आणि पुढच्या सीटवर बसून वाट बघायचे. कुणाची, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्येच समजंना झालंय."

मी म्हटलं, एकदा मागं तर बसून बघा. बसले. लगेच घामाघूम होऊन बाहेर आले. "पुढं कुनीच न्हाई ओ. कसंतरीच वाटतं."

आणि मग एके दिवशी गाडी बसली. म्हणजे खरोखरच बसली. या गाडीला स्प्रिंगऐवजी चारी चाकांवर हवेचे रबरी फुगे होते. ते जुने झालेले, हवा धरेनात. सकाळी बघावं तर गाडी पोट टेकून रस्त्यावर बसलेली. मामांनी ती चालू केली की घुर्र घुर्र करत आधी मागून उठायची, मग पुढून. थेट म्हशीसारखी. गल्लीतली माणसं हातात ब्रश घेऊन ती उठताना बघायला थांबायची. मामा म्हणायचे, "दमलीया. वयानुसार तिला बी बसायची सवय लागली."

शिरूरच्या गॅरेजवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि दोन्ही हात मागं बांधले. "मामा, हिला हात लावायची आपली छाती न्हाई. पुण्याला न्या." म्हणून मामा त्या जुन्या काचेच्या खोलीत गेले. कॉफी मिळाली, पण या वेळी कॉफीबरोबर खर्चाचा अंदाजही मिळाला. तो कागद घेऊन ते तडक माझ्याकडं आले. चेहरा असा, की एखाद्याला आपल्याच घराचं दार सापडू नये.

"भाऊसाहेब, ह्ये मराठीत सांगा."

मी सांगितलं.

"फुगं गाडीचं हायेत का इमानाचं?"

"गाडीचेच."

"गाडी तीच. रस्ता त्योच. हात माजाच. मंग बिल असं कसं येगळं?"

"बिल तेच आहे मामा. आधी ते माझ्याकडं यायचं, एवढंच."

मामांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, परत काढून बघितली. इतकी वर्षं ज्या बाईला साधी समजत होतो ती चोरून सोनं खात होती, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं. मला त्यांची फार कीव आली. हसूही आलं, खोटं कशाला बोलू.

"आवो, यष्टी काय वाईट हाय?" मामी त्यांच्या मागोमाग आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या. "म्या जाते की नेहमीसारखी."

"न्हाई," मामा म्हणाले. एवढंच.

फंडातून एकच फुगा बदलला. बाकीच्यांना मामांनी बॉनेटवर हात ठेवून सांगितलं, "जत्रंपतूर दम धरा."

जत्रेच्या सकाळी गाडी उठली. मामांनी मलाही बरोबर घेतलं, स्क्रीनवरचं इंग्रजी वाचायला. मामी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. मामांनी मागचं डावं दार उघडलं, मालकांचं. हात कडेखाली धरला. मामी आत बसल्या आणि एसटीत बसल्यासारखी पिशवी मांडीवर घट्ट धरली. कातडी सीट मळेल म्हणून पाठ टेकेनात. मामा आरशातून सारखे मागं बघत होते. नव्या नवरदेवासारखे लाजलेलेही होते, पण ते मी तेव्हा बोललो नाही.

न्हावरा ओलांडलं आणि स्क्रीनवर पिवळा दिवा लागला. पुढं तो तांबडा झाला. मी वाचलं, "मामा, थांबा म्हणतीय."

"म्हनू दे. मालकालाबी असंच म्हनायची."

चौफुल्याच्या अलीकडं गाडी एका अंगानं खचली. मामांनी वेग कमी केला, इतका की उसाच्या ट्रॉल्या हॉर्न मारून पुढं जायला लागल्या. चौफुल्याच्या स्टँडपाशी मामी पहिल्यांदा काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, "हितंच मी गाडी बदलायची." मामांनी मान हलवली आणि न थांबता पुढं काढली. तिथं कुठंतरी मामींनी पाठ टेकली.

खुटबावला भावाच्या दारात गाडी उभी केली आणि तिनं उरलासुरला दम सोडला. चारी बाजूंनी खाली आली. दारात जमलेली माणसं बघतच राहिली. मामा शांतपणे उतरले, मागचं दार उघडलं, कडेखाली हात धरला. गाडी इतकी खाली बसली होती की मामींना त्यांच्या भावानं हाताला धरून वर ओढलं. पण डोक्यावर मामांचा हात होताच.

"दाजी, गाडी बसली की ओ!" मेहुणा म्हणाला.

"म्हायेरला आल्याव कोन हुबं ऱ्हातं?" मामा म्हणाले.

सगळे हसले. सगळ्यांत जास्त मामी हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

गाडी परत उठली नाही. क्रेननं उचलून पुण्याला गेली आणि तिथंच कुणालातरी विकली. मामा-मामी एसटीनं शिरूरला आले, चौफुल्याला बदलून. मी हा खर्च मनात कितीदा तरी मांडून पाहिला. वाहनात धरावा, दुरुस्तीत की प्रवासात? कुठल्याच सदरात बसेना. मूर्खपणा होता, हे मी आजही सांगतो. पण मग मामींचं ते हसणं कुठं लिहायचं, ते मला कुणी सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं.

यंदा जत्रेला मामींना मी माझ्या छोट्या गाडीतून नेलं. दार उघडलं, पण माझ्या दुसऱ्या हातात त्यांची पिशवी होती. मामी सरळ ताठ आत शिरायला गेल्या आणि कपाळ पत्र्यावर आपटलं. मी घाबरलो. "लागलं का हो?"

"न्हाई." कपाळ चोळत त्या तशाच उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते. "ह्यांनी वाकायची सवयच मोडली बघा."

खुटबावला भावाच्या दारात थांबलो. भर दुपार होती. मी चटकन उतरलो, मागचं दार उघडलं आणि दुसरा हात कडेखाली धरला. पत्रा उन्हानं असा तापला होता की हाताला चटका बसला. इतकी वर्षं मामांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मामी सावकाश उतरल्या, आणि त्या पूर्ण बाहेर येईपर्यंत मी हात काढला नाही.