सीनेकाठची टाकी

मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. तेव्हा हे धाडस वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. पण अण्णाचा, माझ्या मोठ्या भावाचा, तो रविवार मी लिहिला नाही तर दुसरं कुणी लिहिणार नाही, असं वाटतं.

अण्णा भवानी पेठेतल्या एका रंगखान्यात चादरींचं सूत रंगवायचा. तो बंद पडला आणि अण्णाला सीनेकाठी नव्यानं निघालेल्या बिअरच्या लहानशा कारखान्यात काम मिळालं. रविवारी लोक नदीकाठी फिरायचे आणि मग तिथंच ताजी बिअर प्यायला बसायचे. "पिऊ नकोस, पण बघ तरी," म्हणून त्यानं मला सोबत नेलं. फाट्यावर उतरून आम्ही काठाकाठानं निघालो. पाणी जलपर्णीखाली झाकून गेलं होतं. बाभळींना पिशव्या लटकत होत्या.

"दमलास व्हय? बसून बसून पाय गेले की तुझे."

"चप्पल चावतीय."

"चालायचं तेवढं शिकवत न्हाईत वाटतं कॉलेजात."

कारखान्यात उकळलेल्या सातूचा गोडसर वास होता. अण्णाच्या कामावरच्या जोडीदारानं माझ्यापुढं ग्लास ठेवला. "घ्या की पाहुणं, आईला सांगत न्हाई." मी घोटभर घेतली. माझं तोंड बघून दोघंही हसले.

मग अण्णा बिअर आंबवायची, रिकामी झालेली टाकी धुवायला उठला. ती बाहेरूनच, पाईपनं धुवायची, असा तिथला नियम. रंगखान्यात मात्र हौदात उतरून घासावं लागतं, नाहीतर आधीचा रंग पुढच्या सुतावर चढतो. इतकी वर्षं अण्णानं तेच केलं होतं.

"आत शिरू नको, गॅस असतोय," जोडीदार ओरडला.

"तळाला गाळ हाय रे. एक हात फिरवतो फक्त."

काथ्या घेऊन तो टाकीच्या गोल दारातून आत गेला. थोडा वेळ घासण्याचा आवाज आला, मग थांबला. आम्ही हाका मारल्या. मी दाराकडे धावलो, तर जोडीदारानं कमरेला धरून मला मागं ओढलं. "तूबी पडशील!" धावत आलेल्या बाकीच्या कामगारांनी बाहेरूनच आकडा घालून अण्णाला ओढून काढलं. ओठ निळे पडले होते. "श्वास हाय, श्वास हाय," कुणीतरी सारखं म्हणत होतं.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि दार लावून घेतलं. दुपार गेली. कुणी काही सांगेना. शेवटी जोडीदार म्हणाला, "तू आईला घेऊन ये. मी हाय हितं."

आई उंबऱ्याशी विड्या वळत बसली होती.

"एकटाच आलास?"

मी चप्पल काढली. तेवढ्यात फोन वाजला.

"आईजवळ बस आदी," जोडीदार म्हणाला.

मी बसलो.

"अण्णा गेला रे."