परवानगी आली नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि वीस वर्षं ज्यांच्याशेजारी बसून डबा खाल्ला त्या इतिहासाच्या सरांनाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. तोंडावर सांगायची माझी छाती नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

मी भूगोल शिकवतो. अहेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, छोट्याशा कॉलेजात. कॉलेजचं नाव सांगत नाही — दोष कॉलेजचा नाही, माझा आहे. मी नकाशे हाताने काढायला शिकलो. ट्रेसिंग पेपर, काळ्या शाईचं पेन, आणि श्वास रोखून ओढलेली रेघ. माझ्या हातची नदी नदीसारखी दिसते, असं लोक म्हणायचे. त्या एका वाक्यावर मी निम्मी नोकरी काढली.

मग विद्यापीठाचं परिपत्रक आलं. तंत्रज्ञान बदलतंय, कामं बदलताहेत, तेव्हा प्रत्येक कॉलेजने आपल्या भागात रोजगार मिळेल असा एक नवा अभ्यासक्रम सुरू करावा. चांगलं परिपत्रक होतं हो, उगाच नावं कशाला ठेवू? आमच्याकडे पोरं-पोरी बी.ए. होतात आणि गुणपत्रिका ट्रंकेत ठेवून मिरची तोडायला तेलंगणात जातात. कुणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं. प्राचार्यांनी मला समन्वयक केलं आणि मी एका दुपारी अभ्यासक्रम लिहून काढला. लिहिला म्हणजे — दुसऱ्या एका विद्यापीठाचा घेतला आणि गावांची नावं बदलली. ड्रोनद्वारे सर्वेक्षण. प्रात्यक्षिक साठ तास.

ड्रोनही आला. आता हे ऐकून तुम्ही हसाल, तर हसा. उद्घाटनाला तो टेबलावर मांडला, त्याला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि माझ्या हातात नारळ दिला. यंत्र आलं की नारळ फुटणारच. आमच्याकडे पाण्याचा पंपही नारळाशिवाय सुरू होत नाही. मी टेबलाच्या लोखंडी कडेवर नारळ आपटला आणि निम्मं पाणी त्या यंत्राच्या पोटात गेलं. रुमालाने पुसलं. बटण दाबलं तर चारही पंखे घरघरले, करपल्यासारखा वास आला आणि सगळं थांबलं. चार्जिंग संपलं असेल, असं पाहुणे म्हणाले. टाळ्या झाल्या, फोटो निघाला.

पण नारळ फोडला हे सांगायला मी बसलेलो नाही. तेवढंच असतं तर आजही चहा पिताना हसत सांगितलं असतं.

यंत्र बंद पडलंय असं पत्र लिहायला हवं होतं. पण त्यात कारण काय लिहिणार? नारळाचं पाणी? मी ड्रोन खोक्यात घातला, खोकं कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. आठवड्याभरात विद्यार्थी विचारायला लागले, सर, उडवायचं कधी? तेव्हा माझ्या तोंडून एक वाक्य निघालं — परवानगी आली नाही.

हा जंगलाचा जिल्हा आहे. आकाशात काही उडवायचं तर पोलिसांची परवानगी लागते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि परवानगी आली नाही म्हटल्यावर का आली नाही, हे इथे कुणीच विचारत नाही. रस्त्याची येत नाही, पुलाची येत नाही, मग ड्रोनची कुठून येणार? प्राचार्यांनीही मान हलवली. त्या एका वाक्याने सगळं झाकलं गेलं.

मी अर्ज केलाच नव्हता. एकदाही नाही.

आणखी एक सांगतो, कारण आता सुरुवात केलीच आहे. यंत्र बिघडल्याचं मला मनातून बरं वाटलं होतं. उद्घाटनाआधी नागपूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा मी मागच्या रांगेत उभा होतो. शिकवणारा मुलगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. तो भराभर बोलत होता आणि मला काही म्हणता काही कळत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा उन्हाने डोकं धरलंय असं सांगून सावलीत जाऊन बसलो. यंत्र चालू असतं तर वीस मुलांसमोर मैदानात रिमोट धरून मलाच उभं राहावं लागलं असतं. आणि त्यांना दिसलं असतं — सरांना येत नाही. अभ्यासक्रम एका दुपारी बदलता येतो. पन्नाशीतला मास्तर कसा बदलायचा, हे त्या परिपत्रकात कुठेच नव्हतं... नाही, ही सबब झाली. मला कुणाकडेही जाऊन शिकता आलं असतं. लाज वाटत होती म्हणून गेलो नाही.

मग काय केलं? फळ्यावर खडूने ड्रोन काढला. सुरेख काढला. बाण दाखवले, भागांची नावं दिली. प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी मी आकडे सांगायचो — इतकी उंची, इतका वारा, इतके फोटो — मुलं उतरवून घ्यायची आणि प्रत्येक पानाखाली मी सही करायचो. वर्षाअखेरीस प्रमाणपत्र दिलं. प्रात्यक्षिक साठ तास, पूर्ण. अशा दोन तुकड्या बाहेर पडल्या.

रोशनी दुसऱ्या तुकडीतली. तिच्या गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, मासे धरणारं घर. आई आठवडी बाजारात मासे विकते. पहिल्या बाकावर बसायची आणि विचारून विचारून भंडावून सोडायची. तिला तिचा तलाव वरून पाहायचा होता. कागदावर तलाव मोठा आहे, खरा मात्र गाळाने आणि बांधावरच्या शेतांनी लहान करून टाकलाय, असं तिचा बाप म्हणायचा. कुठून कुठपर्यंत लहान झाला, ते तिला मोजून दाखवायचं होतं. सगळ्या नोकरीत माझ्याकडे अशा कामाची गोष्ट घेऊन आलेली ती एकटीच. तिलाही मी तेच सांगत राहिलो. परवानगी आली नाही.

तिला चंद्रपूरच्या एका खाजगी कंपनीने बोलावलं. तलावांचे नकाशे करायचं काम होतं. जणू तिच्यासाठीच काढलेली जागा! जाण्याआधी ती भेटायला आली. आईने माझ्यासाठी सुकवलेल्या झिंग्यांची पुडी पाठवली होती. मी ती घेतली, आणि यश मिळो म्हणालो. त्याच वेळी तिला थांबवून दोन वाक्यं सांगता आली नसती का?

चौथ्या दिवशी कंपनीच्या माणसाचा फोन आला. मुलीला ड्रोनचे पंखेसुद्धा बसवता आले नाहीत. ती म्हणते, कॉलेजात तो कधी उडवलाच नाही, परवानगी आली नव्हती. प्रमाणपत्रावर तर साठ तास आहेत आणि खाली तुमची सही आहे. तेव्हा खरं काय ते सांगा, असं तो सभ्यपणे विचारत होता.

मी काय म्हणालो, ते शब्दशः लक्षात आहे. मी म्हणालो, "परवानगी? ती तर तेव्हाच आली होती. तिचीच हजेरी कमी होती."

वर पुस्तीही जोडली — खेड्यातली मुलं आहेत, मासे धरायचे दिवस आले की वर्गात येत नाहीत. फोन ठेवला. पुन्हा उचलून फोन लावला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. खोटं बोलणारी मुलगी आम्हाला नको, असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं.

आठवड्याने ती आली. भांडायला आली असेल असं वाटून मी उत्तरं तयार ठेवली होती. ती दारात उभी राहिली, चप्पल बाहेर काढून. तिने विचारलं, "सर, परवानगी कवा आली होती जी? कोन्या दिवशी उडवलं होतं?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. कंपनीच्या माणसाने माझं उत्तर सांगितलं, आणि सर म्हणताहेत तर उडवलंच असेल, असं तिने धरलं होतं. आपण नेमके कुठे होतो, ते शोधत ती गावाहून दोन तास एसटीत उभी राहून आली होती. मी टेबलावरचे कागद सारखे केले आणि म्हणालो, तू नव्हतीस त्या दिवशी.

ती म्हणाली, "मी नसन मंग. मले आठवून नाई राह्यलं. माझंच चुकलं सर, कॉलेजचं नाव खराब केलं म्या. माफ करा जी."

आणि मी — हे लिहितानाही मान वर होत नाही — मी म्हणालो, ठीक आहे, पुढे लक्ष दे.

म्हणजे मी तिला माफ केलं.

त्यानंतर विद्यापीठाच्या एका बैठकीत मी आमच्या अभ्यासक्रमावर बोललो. बदलत्या काळाशी छोटी कॉलेजं कशी जुळवून घेऊ शकतात, असा विषय होता. चांगलं बोललो. दोन कॉलेजांनी आमचा आराखडा मागून घेतला. तुम्हाला वाटेल तिथे माझी जीभ अडखळली असेल. नाही अडखळली.

रोशनी आता आईशेजारी बाजारात बसते. मला पाहिलं की तराजू खाली ठेवून उभी राहते, आणि मी मान हलवून पुढे जातो. तिच्या वर्षाचा हजेरीपट मी नंतर काढून पाहिला, एकदा नाही, बऱ्याचदा. दोन्ही सत्रं सलग आहेत. पावसात नाला भरून तिच्या गावाचा रस्ता बंद झाला होता, ते दिवससुद्धा, इथे कुणाकडे तरी राहून, तिने भरलेले आहेत. तिच्या नावापुढे एकही खाडा नाही.