सेक्रेटरीचा रस्ता

समोर दोनच माणसं असली तरी सेक्रेटरी उभा राहून बोलायचा. चावडीच्या पायरीवर मी आणि माझा चुलतभाऊ, आणि हा गडी सदऱ्याची बटणं लावून ‘बंधूंनो’ म्हणून सुरुवात करणार. आम्ही हसून हसून लोळायचो. तो शांतपणे थांबायचा आणि आमचं हसणं संपलं की पुढचं वाक्य बोलायचा. निघोज्याच्या तरुण मंडळाचा तो सेक्रेटरी. अध्यक्ष व्हायला कुणी तयारच नव्हतं.

सातवीची फायनल पास झालेला, विशीतला पोरगा. डोक्यात एकच खूळ, गावापासून चाकणच्या सडकेपर्यंत गाडीरस्ता करायचा. पावसाळ्यात चिखलातून बैलगाडी निघत नसे, आजारी माणूस झोळीत घालून न्यावा लागे. त्याची थोरली बहीण बाळंतपणात अशीच वाटेत गेली होती. ते तो कधी बोलून दाखवत नसे. अर्ज करू या म्हटलं की म्हणायचा, "अर्ज करून वाट बघत बसायचं व्हय? हात हायेत की आपल्याला."

वाटेच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक शेतकऱ्याने चार-चार हात जमीन सोडायची, असं ठरलं. खंडोबाच्या देवळात सगळ्या थोरल्यांनी बेलभंडारा उचलून शब्द दिला. शाळेच्या गुरुजींनी त्याला बाजूला घेऊन बजावलं, की कागद कर, सगळ्यांचे अंगठे घे. सेक्रेटरीला ते मुळीच पटलं नाही.

"बेलभंडारा उचलल्यावर अंगठा मागायचा म्हंजी त्यास्नी खोटं म्हनायचं," तो म्हणाला. आम्हा सगळ्यांना तेच बरोबर वाटलं. काय अक्कल होती आमची!

सबंध उन्हाळा आम्ही पोरांनी मुरूम वाहिला. तळहाताला फोड आले, पण रस्ता झाला. पहिल्या पावसाळ्यात गाड्या खडखडत चाकणला गेल्या आणि सेक्रेटरी वेड्यासारखा त्यांच्यामागे चालत राहिला.

पुढच्या नांगरटीला एकाने बैल वळवताना रस्त्याची एका तासाएवढी, नांगराच्या एका रेघेची, जमीन आत घेतली. मग समोरच्याने कशाला मागे राहावं? त्यानेही घेतली. तिसऱ्या वर्षी गाडीचं एक चाक रस्त्यात आणि एक ढेकळांत चालू लागलं. सेक्रेटरी दारोदार गेला, अंगणात उभा राहून बोलला. म्हातारे त्याला मायेने चहा पाजायचे आणि म्हणायचे, अरे, रस्ता आहे की, आम्ही कुठे बंद केलाय? मी असतो तर शिव्या घातल्या असत्या. त्याने एकालाही वाकडा शब्द ऐकवला नाही.

पिंपरीला नवा कारखाना निघाला म्हणून सेक्रेटरी गाव सोडून गेला, असं लोक सांगतात. मला विचाराल तर तो आमच्या शेतामुळे गेला. आमचाच पट्टा तेवढा शाबूत राहिला होता. त्या वर्षी वडील म्हणाले, रस्त्याला सोडलेलं पण कडेपर्यंत घे. नांगर माझ्या हातात होता. मुरूम वाहिलेलेच हात ते. वडिलांना नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

तेवढ्यात सेक्रेटरी बांधावरून आला आणि थांबला. त्याने चारचौघांत मला शिव्या घालाव्यात, असं मला फार वाटत होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "नीट धर. नांगर वाकडा चाललाय."

आणि मी, मंडळाचा सभासद, नांगर सरळ करून पुढे गेलो.