मागच्या चाकाचे छर्रे

नवऱ्याचा मार खाऊन मी राळेगावला माहेरी आले, तेव्हा बाबा अंगणात सायकलचं मागचं चाक खोलून बसले होते. माझ्या सुजलेल्या हाताकडे त्यांनी एकदाच पाहिलं. डिझेलमध्ये धुतलेला एकेक छर्रा फडक्यानं पुसून, उजेडात धरून ते तपासत राहिले. झिजलेला एक त्यांनी फेकून दिला.

"असा एकबी राह्यला तं पुरं चाक खराब होते," ते म्हणाले. मग बोटानं ग्रीस भरता भरता, मान वर न करता म्हणाले, "पाचची गाडी हाये. वापस जाय."

चाक बसवून त्यांनीच मला डबलसीट स्टँडवर नेलं. ग्रीस ताजं होतं. वाटभर चाकाचा आवाजसुद्धा झाला नाही.